दिले कसे, ठेवले किती : काही अमेरिकन धनिकांचा दानविचार

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावा, देणगीदारांची नामावली असावी, दिवंगत विश्वस्तांची छायाचित्रे असावीत, हे सर्वांस मान्य आहे. पण पोलाद आणि घासलेट विकून कोट्यधीश झालेल्या परदेशस्थ कारखानदारांचे या पानांत काय काम, असा प्रश्न कित्येक सभासदांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतकेच की, आपल्या न्यासाच्या बैठकीत जो विषय वरचेवर निघतो आणि दरवेळी पुढील बैठकीवर ढकलला जातो, त्यावर या मंडळींनी आपला पैसा आणि आयुष्य खर्ची घालून विचार केलेला आहे. कायम निधीला हात लावावा की लावू नये? व्याजावर भागवावे की मुद्दल मोडून आजची गरज भागवावी? आणि ज्याच्यासाठी द्यायचे त्याच्याकडून काही मागावे की नुसते देऊन मोकळे व्हावे?

आरंभ अँड्र्यू कार्नेजीपासून करू. २५ नोव्हेंबर १८३५ रोजी स्कॉटलंडमधील डन्फर्मलिन गावी तो जन्मला. बाप हातमागावर तागाचे उंची कापड विणणारा. वाफेचे माग आले तसे हातमाग बंद पडले, आणि १८४८ मध्ये हे कुटुंब उसन्या पैशांनी बोटीचे भाडे भरून अमेरिकेत पिट्सबर्गजवळ जाऊन राहिले. आपल्याकडे सोलापूर-इचलकरंजीच्या विणकर घरांतील वडीलधाऱ्यांस ही कथा वेगळी सांगण्याची गरज नाही. तेराव्या वर्षी अँड्र्यू सूतगिरणीत रिळे बदलणारा पोऱ्या म्हणून लागला. पगार आठवड्यास एक डॉलर वीस सेंट. पुढे तो तारा वाटणारा मुलगा झाला. त्या गावी कर्नल जेम्स अँडरसन नावाचे एक सद्गृहस्थ होते. त्यांनी आपली सुमारे चारशे पुस्तके काम करणाऱ्या मुलांसाठी दर शनिवारी खुली ठेवली होती. काही काळाने या ग्रंथालयाची व्यवस्था बदलली, आणि कारागिराच्या हाताखाली रीतसर उमेदवारी करणाऱ्या मुलांसच पुस्तके फुकट, इतरांस वर्षाला दोन डॉलर वर्गणी, असा नियम झाला. तारा वाटणारा मुलगा उमेदवार ठरेना. अँड्र्यूने वर्तमानपत्रात पत्र लिहून या अन्यायाला वाचा फोडली आणि आपला प्रवेश मिळवला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पुढे जगभर अडीच हजारांवर ग्रंथालये बांधणाऱ्या माणसाचा ग्रंथालयाशी पहिला संबंध हा असा भांडणाचा आहे.

त्यानंतरची चढती कमान थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेकांस ठाऊक असते. रेल्वेतील नोकरी, वेळेवर घेतलेले समभाग, लोखंडी पूल, आणि १८७५ पासून ब्रॅडॉक येथील पोलादाचा कारखाना. खर्चाचा बारीक हिशेब ठेवणे आणि नवे यंत्र दिसले की जुने निर्दयपणे मोडीत काढणे, ही त्याच्या धंद्याची दोन सूत्रे होती. १९०१ मध्ये त्याने सारा व्यवसाय ४८ कोटी डॉलरांस विकला. त्यांतील त्याचा स्वतःचा वाटा साडेबावीस कोटींच्या घरात होता.

परंतु आमचे लक्ष वेधते ते १८८९ मधील त्याच्या एका निबंधाकडे. संपत्तीची विल्हेवाट लावण्याचे तीनच मार्ग आहेत, असे तो म्हणतो: मुलाबाळांस ठेवणे, मृत्युपत्राने लोकांस देणे, किंवा जिवंतपणी स्वतःच्या देखरेखीखाली लोकोपयोगी कामात घालणे. पहिल्याने मुले बिघडतात. दुसऱ्यात दात्याचे पुण्य फारसे नाही, कारण बरोबर नेता आले असते तर त्याने ते नेलेच असते. म्हणून तिसरा मार्गच खरा, आणि धनिक हा आपल्या धनाचा केवळ विश्वस्त आहे. धन कवटाळून मरणे त्यास लाजिरवाणे वाटे. विश्वस्त हा शब्द आपल्या कानांस गांधीजींमुळे परिचित आहे. पण गांधीजींचा विश्वस्त साधेपणाने राहणारा आहे, तर कार्नेजीने स्कॉटलंडात किल्लेवजा वाडा विकत घेतला होता. हा फरक ध्यानात ठेवावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, आणि ती या फरकाहून फार मोठी आहे. निबंध लिहून तीन वर्षे होतात न होतात तोच, १८९२ मध्ये, होमस्टेड येथील त्याच्या कारखान्यात मजुरीच्या कपातीवरून तंटा पेटला. कार्नेजी स्कॉटलंडात होता. कारभार फ्रिक नावाच्या भागीदाराकडे होता, आणि त्याच्या कडक धोरणास धन्याची संमती होती. ६ जुलै रोजी तीनशे भाडोत्री पहारेकरी नदीतून पडावांत बसवून आणले गेले. गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मेली, अखेर सरकारी फौज आली आणि कामगार संघटना मोडली. सहा वर्षांनी त्याच होमस्टेडमध्ये कार्नेजीच्या पैशाने भव्य ग्रंथालय उघडले. बारा तास भट्टीपुढे उभे राहिलेल्या माणसाने त्यानंतर पुस्तक केव्हा वाचावे, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला आणि आजही त्यास चांगले उत्तर नाही. आमच्या मते दान हा अन्यायाचा हिशेब पुसणारा बोळा नव्हे. दोन्ही रकमा वहीत वेगवेगळ्या लिहाव्यात. जमेकडची रक्कम मात्र खोटी ठरत नाही, म्हणून तीही पाहू.

कार्नेजीने जगभर २,५०९ ग्रंथालयांस पैसे दिले. खर्च सुमारे ५ कोटी ६० लाख डॉलर. पण देण्याची रीत पाहण्यासारखी आहे. एखाद्या नगरपालिकेने अर्ज केला की त्याचा चिटणीस जेम्स बर्ट्रम छापील प्रश्नावली धाडी. लोकसंख्या किती, जागा कोठली, पुस्तके आहेत काय. लोकसंख्येच्या मानाने, साधारणतः दरमाणशी दोन डॉलर या हिशेबाने, इमारतीपुरती रक्कम मंजूर होई. जागा गावाने द्यायची. आणि मंजूर रकमेच्या दहा टक्के एवढा खर्च गावाने दरवर्षी आपल्या करांतून करीत राहायचे. म्हणजे दहा हजारांची इमारत घेणाऱ्या गावाने दर साल एक हजार पुस्तकांवर आणि नोकरांवर खर्च करण्याची हमी द्यायची. इमारत दात्याची, ग्रंथालय गावाचे. कित्येक गावांस ही अट जाचक वाटली आणि त्यांनी नकार दिला. आम्हांस ती या सर्व व्यवहारातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. आयती मिळालेली वास्तू पहिली पाच वर्षे रंगवली जाते आणि पुढे तिच्या गच्चीत पिंपळ उगवतो, हे आपण आपल्या आसपास पाहत नाही काय?

तरीही ही रीत पुरी पडली नाही. १९१५-१६ च्या सुमारास कार्नेजीच्या संस्थेने आल्विन जॉन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञास पाहणी करावयास पाठवले. इमारती झाल्या, पण त्या चालवणारे शिकलेले ग्रंथपाल नाहीत, असा त्याचा निष्कर्ष निघाला. १९१७ नंतर इमारतींसाठी नवीन देणग्या देणे बंद झाले. (बर्ट्रमने इमारती कशा असाव्यात यावर पत्रक काढले, ते कार्नेजीच्या लाडक्या सुधारित स्पेलिंगात. इंग्रजीचे शुद्धलेखन सोपे करण्यासाठीही त्याने पुष्कळ पैसा ओतला आणि तो बहुतेक वाया गेला. मराठीतील ऱ्हस्वदीर्घाशी झगडणाऱ्यांनी यातून योग्य तो बोध घ्यावा.)

जी गोष्ट अमेरिकेस उशिरा उमगली, ती आमच्या बडोद्यात पहिल्या दिवसापासून ध्यानात घेतली गेली, हे येथे अभिमानाने नमूद केले पाहिजे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. १९१३ पर्यंत तो येथे होता. महाराजांच्या खाजगी संग्रहातील सुमारे वीस हजार पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयास मिळाली; पण त्याबरोबरच बॉर्डनने ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग चालू केला. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. गावाला स्वतःचे ग्रंथालय हवे असेल तर त्याने वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा नियम होता. एकाचे तीन होत, पण तो पहिला एक गावाने आणल्यावर. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगावी मित्रमंडळे स्थापून या योजनेचा पाया आधीच घालून ठेवला होता. मांडवीतील मध्यवर्ती ग्रंथालयाच्या लोखंडी मांडण्यांमधून आणि काचेच्या तक्तपोशीवरून जे सभासद हिंडले असतील, त्यांस ही परंपरा डोळ्यांनी पाहता आली असेल.

जॉन रॉकफेलरविषयी फार लिहीत नाही. त्याच्या तेल कंपनीने प्रतिस्पर्ध्यांस कसे बुडवले हे आयडा टार्बेल या लेखिकेने १९०४ मध्ये ग्रंथरूपाने जगापुढे मांडले, आणि १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे ३४ तुकडे केले. १९०५ मध्ये त्याने एका मिशन मंडळास एक लाख डॉलर दिले तेव्हा वॉशिंग्टन ग्लॅडन नावाच्या पाद्र्याने, हा पैसा डागाळलेला आहे, तो परत करावा, असा गजर केला. गंमत अशी की मंडळानेच ती देणगी मागून घेतली होती, हे मागाहून उघड झाले. मुंबई आणि अहमदनगर येथील अमेरिकन मराठी मिशन चालवणारे मंडळ ते हेच. देणगी नाकारावी कोणाची आणि घ्यावी कोणाची, हा वाद आपल्याही सभांतून झालेला आहे. तूर्त तो बाजूस ठेवू. १९१३ मध्ये स्थापन झालेले रॉकफेलर प्रतिष्ठान कायम निधीवर उभे आहे. दाता १९३७ मध्ये वारला, आणि १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघाले ते भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हे प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने. तेच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था होय. मुद्दल शाबूत ठेवले नसते तर हे घडते ना. कायम निधीचा कैवार घेणाऱ्यांस याहून चांगला दाखला मिळणार नाही.

आता उलट बाजूचा दाखला. तो बेंजामिन फ्रँकलिनचा. मुद्रक, शास्त्रज्ञ, मुत्सद्दी असा हा पुरुष १७ एप्रिल १७९० रोजी वारला. मृत्युपत्राच्या पुरवणीत त्याने बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांस प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले. पंचवीस वर्षांखालील, विवाहित, उमेदवारी पुरी केलेल्या कारागिरांस त्यांतून पाच टक्के व्याजाने कर्ज द्यावे. दोन जामीन घ्यावेत. दहा वार्षिक हप्त्यांत वसुली करावी. आणि ही गंगाजळी दोनशे वर्षे वाढू द्यावी. शंभर वर्षांनी हजाराचे एक लाख एकतीस हजार होतील, त्यांतील एक लाख लोकोपयोगी कामास लावावेत, उरलेले पुन्हा फिरवावेत, इतका बारीक हिशेब त्याने मांडला होता. चक्रवाढ व्याजावर इतका विश्वास आपल्या पेढीवाल्यांचाही नसेल.

झाले काय? कारखाने आले आणि उमेदवारीची पद्धतच मोडली. पंचविशीच्या आतला, लग्न झालेला, दोन जामीन आणू शकणारा कारागीर सापडेनासा झाला. कर्जे थांबली आणि पैसा इतर ठिकाणी गुंतवून वाढवावा लागला. शंभर वर्षांनंतर बॉस्टनची रक्कम ठरलेल्या आकड्यास पोचली नव्हती; तरी तीतून कारागिरांसाठी तंत्रशाळा निघाली, आणि तिला तेवढीच रक्कम घालणारा दुसरा दाता कोण म्हणाल, तर आपले कार्नेजी. १९९० मध्ये दोनशे वर्षे भरली तेव्हा बॉस्टनकडे पन्नास लाख डॉलरांच्या आसपास आणि फिलाडेल्फियाकडे वीस लाखांच्या पुढे शिल्लक निघाली. पैसा वाढला. ज्याच्यासाठी तो ठेवला होता तो माणूस मात्र मध्येच नाहीसा झाला.

ज्यूलियस रोझनवाल्ड या गृहस्थाचे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नाही, आणि आमच्या मते या मालिकेत त्याचा विचार सर्वांत मोलाचा आहे. जर्मनीतून आलेल्या ज्यू कापडव्यापाऱ्याचा हा मुलगा. टपालाने माल पाठवणाऱ्या शिकागोच्या सीअर्स रोबक कंपनीचा तो १९०८ मध्ये अध्यक्ष झाला. १९१२ साली, आपल्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त, त्याने अनेक संस्थांस देणग्या दिल्या. त्यांत बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी येथील विद्यालयास पंचवीस हजार डॉलर होते. वॉशिंग्टन हे गुलामगिरीत जन्मलेले. त्यांनी विचारले, यांतील थोड्या रकमेतून जवळपासच्या खेड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सहा लहान शाळा बांधून पाहू का? दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या, आणि काळ्यांच्या वाट्यास पडकी खोपटी येत.

सहाच्या पाच हजार झाल्या. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत, शिक्षकांची घरे आणि कामशाळा धरून, ५,३५७ इमारती उभ्या राहिल्या. अट अशी होती की गावातील कृष्णवर्णीयांनी आपला वाटा पैशाने, लाकडाने किंवा अंगमेहनतीने द्यावा, आणि शिक्षणखात्याने शाळा आपली म्हणून चालवावी. कोणी कापसाच्या शेताचा तुकडा शाळेच्या नावाने राखून ठेवी. अलाबामातील एका सभेत गुलामगिरी पाहिलेला एक वृद्ध उठला, मळक्या पिशवीतली आयुष्यभराची शिल्लक त्याने मेजावर ओतली. ती अडतीस डॉलर भरली. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर झाला. त्यांत रोझनवाल्डचे सुमारे ४३ लाख, सरकारी करांतून आलेले १ कोटी ८० लाखांवर, आणि या दरिद्री शेतकऱ्यांनी दिलेले ४७ लाख. म्हणजे कोट्यधीशापेक्षा त्यांची वर्गणी अधिक. शिवाय ते करही भरीत होतेच, आणि त्या करांतून गोऱ्यांच्या शाळा चालत होत्या.

१९२८ मध्ये रोझनवाल्डने आपल्या निधीच्या विश्वस्तांस कळवले की, माझ्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आत मुद्दलासह सर्व पैसा खर्च झाला पाहिजे. पुढील वर्षी एका मासिकात त्याने याची कारणे दिली. मेलेल्याने जिवंतांचे हात बांधू नयेत. उद्याची गरज उद्याच्या पिढीस अधिक कळेल आणि उद्याचे धनिक ती भागवतील. कायम निधीची माणसे निधी राखण्यातच धन्यता मानू लागतात. सेंट लुईसच्या एका नगराध्यक्षाने १८५१ मध्ये पश्चिमेकडे वसाहतीस जाणाऱ्या वाटसरूंसाठी आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा ठेवला होता. पुढे आगगाड्या झाल्या, वसाहती भरल्या, वाटसरू संपले. पैसा मात्र साठत राहिला. असल्या दाखल्यांवर रोझनवाल्डची भिस्त होती.

हा विचार आम्ही जसाच्या तसा स्वीकारीत नाही. एक तर तो सीअर्सच्या समभागांवर बसून मांडलेला आहे. आपल्या न्यासाची गंगाजळी एका कोट्यधीशाने दिलेली नाही. ती निवृत्त शिक्षकांनी, विधवांनी, मुलाच्या मुंजीचा खर्च आटोपता घेणाऱ्या गृहस्थांनी शंभर-दोनशेंनी भरलेली आहे. ती एकदा आटली तर तिचा झरा पुन्हा फुटेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. दुसरे असे की १९२९ नंतरच्या मंदीत त्या समभागांचे भाव कोसळले, आणि दिलेली वचने पाळण्यासाठी रोझनवाल्डच्या निधीस कार्नेजीच्या कायम निधीकडून मदत घ्यावी लागली. याची नोंद घेतल्यावाचून त्याच्या मताचा पुरस्कार करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण त्याच्या म्हणण्यातला एक अंश आपल्यास तंतोतंत लागू आहे. अमक्याच्या स्मरणार्थ, संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलीस बक्षीस, ठेव रुपये शंभर: अशा ठेवी बहुतेक सर्व जुन्या संस्थांच्या वह्यांत आहेत. ज्या काळी ती ठेव ठेवली गेली, त्या काळी व्याजातून पुस्तके येत. आज शंभराचे वर्षाचे व्याज सात रुपये धरले तरी त्यात एक वही येत नाही. मुद्दल शाबूत आहे, हिशेब तपासलेला आहे, आणि दात्याचा हेतू मात्र मेलेला आहे. अशा ठेवी एकत्र करून, दात्यांची नावे फलकावर जशीच्या तशी राखून, त्यांची एक भरीव शिष्यवृत्ती करावी, असे आमचे मत आहे. त्यासाठी रीतसर परवानगी लागते, ती मागावी. वसतिगृहाच्या मोठ्या निधीस मात्र हात लावू नये, आणि त्यातून ज्यांस खोली मिळते त्यांच्याकडून थोडे का होईना शुल्क घ्यावे. विद्येवर घातलेल्या पैशास मुद्दल मोडले असे म्हणणेच मुळी आम्हांस पटत नाही. याच बडोदे सरकारने १९१३ मध्ये दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकर यांस तीन वर्षांसाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले होते. ती रक्कम कोणत्या खात्यात परत आली म्हणावे?

रोझनवाल्ड ६ जानेवारी १९३२ रोजी वारला. विश्वस्तांस पंचवीस वर्षांची मुदत होती. त्यांनी १९४८ मध्येच, म्हणजे सोळा वर्षांत, शेवटचा डॉलर खर्चून कचेरी बंद केली. अखेरच्या काळात पुष्कळसा पैसा शिष्यवृत्त्यांकडे वळवला होता. मॅरियन अँडरसन ही गायिका आणि राल्फ एलिसन, लँग्स्टन ह्यूज हे लेखक त्या घेणाऱ्यांपैकी. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदावर चालणाऱ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्यानंतरच्या वर्षांत मुले एकत्र शाळांत जाऊ लागली तशा या शाळा एकामागून एक बंद पडल्या, आणि बहुतेक इमारती पडून गेल्या. २००२ मध्ये तेथील वारसासंरक्षण संस्थेने, धोक्यात आलेल्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत त्यांचे नाव घातले. ज्या उरल्या आहेत त्यांतील काही गावकऱ्यांनी दुरुस्त करून घेतल्या असून, तेथे आता सभा आणि मेळावे भरतात.